उपकेंद्रात मिळणारी बीपीची गोळी: गावच्या रक्तदाब सेवेचे परीक्षण

सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडील कमी पावसाच्या पट्ट्यात आमचे गाव आहे आणि गावाच्या वेशीजवळ आरोग्य उपकेंद्राची दोन खोल्यांची इमारत आहे. आता तिच्यावर आयुष्मान आरोग्य मंदिर अशी पाटी असली, तरी गावात सगळे अजून ‘सबसेंटर’च म्हणतात. तेथे दर आठवड्याच्या ठरलेल्या दिवशी रक्तदाब आणि साखर तपासली जाते, ज्यांना निदान झाले आहे त्यांना महिन्याभराच्या गोळ्या मिळतात आणि या सगळ्याची नोंद मोबाइलवर व रुग्णाच्या कार्डावर होते. माझ्या सासूबाई आणि थोरले दीर हे दोघेही काही वर्षांपासून याच सेवेवर अवलंबून आहेत. त्यांच्यासोबत जाऊन, रांगेत बसून आणि शेजारपाजारच्या बायकांना तेथे नेऊन जे पाहिले, त्यावरून ही सेवा कशी आहे ते येथे मांडत आहे. हॉटेलांची आणि फोनची परीक्षणे आपण बारकाईने वाचतो. ज्या सेवेवर गावातील निम्म्या म्हाताऱ्या माणसांचे आयुष्य अवलंबून आहे, तिचेही तितक्याच बारकाईने परीक्षण व्हायला हवे, असे मला मनापासून वाटते.

एक निकष आधीच सांगते, कारण पुढचे सगळे त्याच्यावर बेतलेले आहे. रक्तदाबाच्या सेवेत इमारत, यंत्र आणि वागणूक या गोष्टी महत्त्वाच्या आहेतच, परंतु तिची खरी कसोटी एकच आहे, ती म्हणजे या महिन्याची गोळी संपण्यापूर्वी पुढच्या महिन्याची गोळी माणसाच्या हातात पडते की नाही. ती पडत असेल तर बाकीच्या उणिवा सोसता येतात. पडत नसेल तर बाकी सर्व व्यवस्था चांगली असूनही तिचा उपयोग होत नाही.

हा निकष इतका काटेकोर का, हे समजण्यासाठी गावातील या आजाराचे प्रमाण पाहावे लागते. ‘बीपी हा शहरातल्या खुर्चीवर बसणाऱ्यांचा आजार, रानात राबणाऱ्याला कसला बीपी,’ हा समज आमच्याकडे अजूनही घट्ट आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, देशातील १५ वर्षांवरील पुरुषांपैकी २४ टक्के आणि स्त्रियांपैकी सुमारे २१ टक्के जणांना उच्च रक्तदाब असल्याचे किंवा ते त्यासाठी गोळ्या घेत असल्याचे आढळले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात वीस वर्षांवरील लोकांमध्ये हे प्रमाण ३५.५ टक्के निघाले. शहरांत ते गावांपेक्षा अधिक आहे हे खरे, पण गावे फार मागे नाहीत. आमच्या आळीतील कोणत्याही तीन घरांत चौकशी केली तर एका घरात तरी बीपीची गोळी सापडते, आणि उरलेल्या दोन घरांत ती नाही याचे कारण तपासणीच झालेली नाही हे असण्याची शक्यता बरीच असते.

याहून गंभीर गोष्ट मृत्यूंची आहे. गडचिरोली जिल्ह्यात काम करणाऱ्या ‘सर्च’ या संस्थेने २०११ ते २०१३ या दोन वर्षांत ८६ खेड्यांतील सुमारे ९४ हजार लोकसंख्येतील प्रत्येक मृत्यूचे कारण घरोघरी जाऊन शोधले. तेथे सर्वांत जास्त बळी हिवतापाने किंवा क्षयाने घेतले नव्हते, ते पक्षाघाताने घेतले होते. दर सात मृत्यूंमागे एक मृत्यू पक्षाघाताचा होता, आणि पक्षाघाताचे सर्वांत मोठे कारण म्हणजे ताब्यात नसलेला रक्तदाब. त्याच्याही आधी, आंध्र प्रदेशातील गोदावरीकाठच्या ४५ खेड्यांतील अशाच अभ्यासात हृदय आणि रक्तवाहिन्यांचे आजार हे मृत्यूचे पहिले कारण ठरले होते आणि त्यांचा वाटा सुमारे ३२ टक्के होता. देशभरातील मृत्यूंच्या दीर्घकालीन नोंदींवर आधारित २०१८ सालचा अभ्यास तर असे दाखवतो की, तिशी ते सत्तरीच्या आतील माणसांमध्ये हृदयविकाराच्या झटक्याने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण गावांत झपाट्याने वाढून शहरांच्या पुढे गेले. रोग शहरात जास्त आणि मरण गावात जास्त, असे हे चित्र आहे. अनेक देशांची तुलना करणाऱ्या संशोधनातही गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांतील ग्रामीण भागाबद्दल असाच निष्कर्ष निघाला होता. तेथे धोक्याचे घटक कमी, परंतु ज्याला आजार होतो त्याच्या दगावण्याची शक्यता अधिक. उपचार वेळेवर आणि सलग मिळत नाहीत, हेच त्याचे मोठे कारण.

आता प्रत्यक्ष सेवेकडे वळते.

या सेवेचा पाया आमच्या जिल्ह्यात तुलनेने लवकर घातला गेला. केंद्र सरकार, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून २०१७ च्या अखेरीस उच्च रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम पाच राज्यांत सुरू केला, आणि महाराष्ट्रातील पहिल्या जिल्ह्यांमध्ये साताऱ्यासोबत सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा यांचा समावेश होता. नंतर तो पसरत गेला. २०२२ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तेव्हा २३ राज्यांतील १३० हून अधिक जिल्ह्यांत ३४ लाखांवर लोक त्याखाली उपचार घेत होते आणि त्यांतील जवळजवळ निम्म्यांचा रक्तदाब ताब्यात होता. निम्मे हा आकडा ऐकायला कमी वाटेल, पण गोळी कधीच न मिळालेल्या किंवा मध्येच सोडलेल्या माणसांच्या देशात तो कमी नाही, असे माझे मत आहे.

या उपक्रमातील मला सर्वांत पटलेली गोष्ट म्हणजे औषधांचा साधेपणा. प्रत्येक डॉक्टरची वेगळी गोळी, वेगळ्या कंपनीचे वेगळे नाव आणि दर वेळी बदलणारी चिठ्ठी हा प्रकार येथे नाही. ठरलेल्या पायऱ्या आहेत. रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक असल्याची खात्री झाली की पहिल्या पायरीवर ॲम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम, महिन्याने तो पुरेसा उतरला नाही तर टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅमची भर, त्यानंतर मात्रेत वाढ आणि गरज पडल्यास क्लोरथॅलिडोन. उपचार सुरू करण्याचा व बदलण्याचा निर्णय प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकारी घेतात, आणि पुढच्या गोळ्या गावातच समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांकडून (सीएचओ) मिळतात. सासूबाईंची सुरुवात ॲम्लोडिपिनवर झाली आणि पावलांवर थोडी सूज आली. हा त्या गोळीचा माहीत असलेला दुष्परिणाम आहे. सीएचओ मॅडमनी घोट्याजवळ बोट दाबून पाहिले, गोळी स्वतःहून बंद करू नका असे बजावले आणि आरोग्य केंद्रातून औषध बदलून आणले. ज्या बाईने सूज दिसताच गोळ्यांची पुडी कोनाड्यात ठेवून दिली असती, ती त्या एका संवादामुळे उपचारात टिकली. खासगी दवाखान्यातील गर्दीत एवढा वेळ कोणी दिला असता, असे मला वाटत नाही.

तपासणीची पद्धत मात्र जवळून पाहण्यासारखी आहे, कारण रक्तदाब मोजणे ही दिसते तितकी सोपी गोष्ट नाही. नियम असा की, माणसाने पाच मिनिटे शांत बसावे, पाठ टेकलेली असावी, पावले जमिनीवर असावीत, दंड हृदयाच्या पातळीवर टेबलावर ठेवलेला असावा, पट्टा उघड्या दंडावर बांधावा, बोलू नये आणि आधीचा अर्धा तास चहा किंवा तंबाखू घेतलेली नसावी. आमच्याकडे म्हातारी बाई रानातून चालत येते, येताना दाराशी तंबाखू थुंकते, धापा टाकत बाकावर बसते आणि बसताच शेजारणीला सुनेचे गाऱ्हाणे सांगू लागते. आमच्या उपकेंद्रातील मॅडम या बाबतीत अत्यंत शिस्तीच्या आहेत. “आजी, टेका पाठ. पाय खाली सोडा, मांडी घालू नका. आता मी सांगेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही हं,” असे म्हणून त्या खरोखरच घड्याळाकडे पाहत थांबतात. पहिले मोजमाप जास्त आले तर थोड्या वेळाने दुसरे घेतात आणि दोन्ही लिहून ठेवतात. त्या बदलून येथे येण्याआधीच्या काळात ही शिस्त दिसत नव्हती आणि त्या रजेवर असताना आताही दिसत नाही, हेही नमूद करावे लागेल. घाईत उभ्या उभ्या, पोलक्याच्या बाहीवरून पट्टा बांधून आकडा घेतलेला मी पाहिला आहे.

पोलक्याचा विषय किरकोळ नाही. आमच्याकडच्या वयस्क बायकांच्या पोलक्यांच्या बाह्या कोपरापर्यंत आणि घट्ट असतात. बाही वर सारली तर ती दंडालाच आवळते आणि आकडा बिघडतो, आणि पोलके उतरवायचे तर पुरुषांच्या समोर कोणी उतरवणार नाही. आमच्या उपकेंद्रात पडदा लावलेला एक कोपरा आहे, म्हणून हे जमते. जेथे तो नाही तेथे बायकांचे आकडे किती खरे मानायचे, हा प्रश्नच आहे. दुसरी अडचण पट्ट्याच्या मापाची. यंत्रासोबत येणारा नेहमीचा पट्टा साधारण २२ ते ३२ सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी असतो. हाडकुळ्या दंडावर मोठा पट्टा बांधला की आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो आणि जाड दंडावर लहान पट्टा बांधला की जास्त. आमच्या गावातील कष्टाने वाळलेल्या कित्येक आज्यांचे दंड त्या मापाच्या खाली जातात, म्हणजे ज्यांना बीपी आहे त्यांना नाही असे सांगितले जाण्याचा धोका आहे. उपकेंद्रात एकाच मापाचा पट्टा आहे. वेगळ्या मापाचा पट्टा ही काही महाग वस्तू नव्हे. तो प्रत्येक उपकेंद्रात असायलाच हवा, आणि माझ्या दृष्टीने ही या सेवेतील सर्वांत सहज दूर होणारी उणीव आहे.

यंत्राच्या बॅटऱ्यांचेही तसेच. सेल उतरले की काही यंत्रे चुकीची सूचना देतात, पट्टा फुगवता फुगवता थांबतात, आणि मग बाहेर बसलेल्या माणसांना ‘उद्या या’ असे सांगितले जाते. त्या ‘उद्या’मध्ये एक दिवसाचा रोजगार बुडतो. सेल गावातल्या किराणा दुकानात मिळतात, पण ते कोणाच्या पैशाने आणायचे हा प्रश्न कायम राहतो, आणि बहुतेक वेळा त्याचे उत्तर मॅडमच्या पर्समधून येते. हे बरोबर नाही.

आता मुख्य कसोटीकडे, गोळ्यांच्या पुरवठ्याकडे. ॲम्लोडिपिन आमच्याकडे जवळजवळ नेहमी असते. टेल्मिसार्टन मात्र मधूनमधून संपते, आणि ते संपले की महिन्याऐवजी दहा दिवसांच्या गोळ्या देऊन पुन्हा बोलावले जाते. कागदावर हा पुरवठा अखंड दिसू शकतो, कारण कोणालाही रिकाम्या हाताने पाठवलेले नसते. पण दहा दिवसांनी पुन्हा यायचे म्हणजे कांदा लागणीच्या किंवा ज्वारीच्या काढणीच्या दिवसांत कोणी येत नाही, आणि मग गोळी तुटते. रक्तदाब काही दुखत नाही. गोळी तुटली तरी दुसऱ्या दिवशी काही वाटत नाही, आणि ‘गोळी न घेताही मी ठणठणीत आहे’ असा चुकीचा विश्वास तयार होतो. माझ्या दिरांच्या बाबतीत असेच झाले होते. रानातल्या कामाच्या तोंडावर गोळ्या अपुऱ्या मिळाल्या, नंतर ते गेलेच नाहीत, आणि आशाताई कार्ड घेऊन घरी आल्या तेव्हा दिरांचा वरचा आकडा १८० च्या पुढे होता. घाबरवणारी गोष्ट अशी की, त्या दिवशीही त्यांना कोणताच त्रास होत नव्हता आणि ते बैलांना पाणी पाजून आले होते. आशाताईंनी त्यांना तेथूनच आरोग्य केंद्रात पाठवले.

आशाताईंचे हे घरी येणे माझ्या मते या सेवेतील सर्वांत मोलाचा भाग आहे. ज्यांची तारीख उलटली आहे त्यांची यादी मोबाइलवर निघते आणि त्या यादीप्रमाणे फोन किंवा भेट होते. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा जोखीम तपासण्याचा फॉर्मही त्याच भरतात. वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम आणि घरात कोणाला बीपी-शुगर आहे का, एवढे त्यात असते. आमच्या आशाताई स्वतः गावच्या सूनबाई असल्यामुळे कोणाच्या घरी कधी जावे, कोणाशी सासूदेखत बोलावे आणि कोणाशी पाणवठ्यावर, हे त्यांना नेमके कळते. अनेक कामांच्या ओझ्याखाली आणि तुटपुंज्या मोबदल्यावर त्या हे करतात. सेवेला जे गुण मी देत आहे त्यांतले निम्मे त्यांचे आहेत.

पुरुष या सेवेत फारच कमी दिसतात. तपासणीची वेळ सकाळी दहा ते दुपार अशी असते, त्या वेळी शेतकरी रानात असतो आणि मजूर कामावर. रांगेत बसलेल्यांत दहापैकी सात-आठ बाया असतात. यात्रेच्या दिवशी किंवा आठवडी बाजारात संध्याकाळी तपासणीचे टेबल लावले तर पुरुष आपोआप येतील. आमच्या गावात एकदा दूध संकलन केंद्रावर पहाटे तपासणी ठेवली होती, तेव्हा कधीही न आलेली माणसे किटली बाजूला ठेवून दंड पुढे करत होती आणि त्यातून नवे रुग्णही सापडले. असे दिवस वर्षातून एकदाच न ठेवता दर महिन्याला ठेवायला हवेत.

स्थलांतराचा प्रश्न त्याहून बिकट आहे. आमच्या बाजूला ऊसतोडीला बीड आणि अहिल्यानगरकडून टोळ्या येतात, आणि दुष्काळी वर्षात आमच्याकडचीही माणसे बाहेर पडतात. दिवाळीनंतर बाहेर पडलेले कुटुंब उन्हाळ्यात परतते. कोयत्यावर गेलेल्या माणसाला त्याच्या गावच्या उपकेंद्रातून चार-पाच महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळत नाहीत आणि फडाजवळच्या उपकेंद्रात त्याची नोंद नसते. कार्ड आणि नोंदणी क्रमांक सोबत असेल तर कोणत्याही सरकारी केंद्रात गोळी मिळावी, अशीच ही व्यवस्था रचलेली आहे. प्रत्यक्षात कार्ड घरी राहते किंवा पालात भिजते. आमच्या मॅडम आता प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये कार्डाचा फोटो काढून ठेवायला लावतात. साधा उपाय आहे, पण मी त्याचा उपयोग झालेला पाहिला आहे. कोविडच्या काळात गोळ्या दोन-तीन महिन्यांच्या एकदम देण्याची आणि घरपोच पोहोचवण्याची सवलत अनेक ठिकाणी झाली होती. तोडणी कामगारांसाठी ती कायम का असू नये, हा प्रश्न मला आरोग्य विभागाला कळकळीने विचारावासा वाटतो.

सल्ल्याच्या बाबतीत सेवा मध्यम आहे. ‘मीठ कमी खा’ एवढेच सांगून भागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मिठाची आहे, म्हणजे साधारण एक चहाचा चमचा, आणि भारतीय माणूस त्याहून बरेच जास्त खातो. आमच्याकडे हे मीठ वरून घेतलेल्या मिठात कमी आणि ठेचा, लोणचे, सांडगी मिरची, पापड, कुरड्या यांत जास्त असते. कोरड्या भाकरीसोबत कालवण नसेल तेव्हा ठेचाच लागतो, आणि भाजी परवडत नसलेल्या घराला ठेचा सोडा असे सांगणे सोपे नाही. शेंगदाण्याची चटणी मीठ निम्मे घालून कुटा, पापड एकाआड एक दिवस घ्या, असे घरातल्या भाषेत सांगितले तर बायका ऐकतात. मॅडम असे सांगतात, पण वेळ असेल तेव्हाच. मिश्रीचा विषय तर फारच कमी निघतो. बिडी-सिगारेट न ओढणारी बाई तंबाखूमुक्त आहे असे समजून फॉर्मवर ‘नाही’ लिहिले जाते, आणि तीच बाई सकाळ-संध्याकाळ चुलीजवळ बसून तव्यावर भाजलेली तंबाखू दातांना घासत असते. प्रश्न विचारताना ‘मिश्री लावता का?’ असे थेट विचारायला हवे.

एक मुद्दा मात्र आवर्जून मांडते, कारण तो कोणीच सांगत नाही. अंगदुखीच्या गोळ्या आणि इंजेक्शने रक्तदाब वाढवतात. खुरपणी, काढणी, ओझी वाहणे यांनी दुखणारे अंग घेऊन आमच्याकडची माणसे किराणा दुकानातून सुटी पेनकिलर घेतात किंवा ‘सुई मारून’ घेतात, आणि त्याच्या जोडीला उपकेंद्रातून बीपीची गोळी घेतात. एक गोळी उतरवते तर दुसरी चढवते, आणि मूत्रपिंडावर ताण पडतो तो वेगळाच. रक्तदाबाच्या प्रत्येक कार्डावर, वेदनाशामक कोणते घेता, हा रकाना असायला हवा.

छातीत दुखू लागल्यानंतर काय होते, हे या सेवेच्या कक्षेबाहेरचे आहे, परंतु तिच्याशी जोडलेले आहे. आमच्याकडे छातीत कळ आली की ती पित्ताची समजून सोडा पितात, घाम फुटला की कांदा हुंगवतात आणि उजाडेपर्यंत वाट पाहतात. हृदयाची रक्तवाहिनी बंद झाली तर पहिल्या काही तासांतच गुठळी विरघळवणारे औषध किंवा अँजिओप्लास्टी उपयोगी पडते, आणि जितका उशीर तितका हृदयाचा स्नायू कायमचा मरतो. १०८ ची रुग्णवाहिका राज्यात २०१४ पासून आहे आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टीचा खर्चही बसतो. पण त्या दोन्हींपर्यंत पोहोचण्यासाठी आधी कोणाला तरी कळले पाहिजे की हे पित्त नव्हे. उपकेंद्रात ईसीजीची सोय नाही, त्यासाठी ग्रामीण रुग्णालय गाठावे लागते. निदान धोक्याची लक्षणे लिहिलेला एक मोठा फलक बाहेरच्या भिंतीवर लावला, तर रांगेत बसलेल्या माणसांना तो महिन्यातून एकदा तरी नजरेस पडेल. भिंतीवर सध्या बऱ्याच योजनांची चित्रे आहेत, हा फलक नाही.

खर्चाचा हिशेब सरळ आहे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत, आणि उपकेंद्रातील गोळ्या तर त्याआधीपासूनच मोफत होत्या. तालुक्याच्या गावी खासगी डॉक्टरांकडे जायचे तर एसटीचे भाडे, फी, औषधे आणि बुडालेला रोज असा खर्च दर महिन्याला येतो. तो एकदा करता येतो, बारा महिने करता येत नाही, आणि रक्तदाबाला तर बारा महिने उपचार लागतात. त्यामुळे ज्यांना परवडते त्यांनीही खासगीत निदान करून घेतले तरी पुढच्या गोळ्यांसाठी उपकेंद्रात नाव नोंदवावे, असा माझा सल्ला आहे. गोळ्या स्वस्त आहेत म्हणून कमी प्रतीच्या असतील, ही शंका मनातून काढून टाकावी. हीच औषधे जगभर पहिल्या पसंतीने दिली जातात.

माझे गुण द्यायचे तर वागणूक आणि पाठपुरावा यांना पैकीच्या पैकी, औषधांच्या निवडीलाही तेवढेच, मोजमापाच्या साधनांना निम्मे, वेळेच्या सोयीला निम्म्याहून कमी, आणि पुरवठ्याच्या सलगतेला पाचापैकी तीन. पुरवठ्याला तीन देताना माझा हात अडखळला, कारण परीक्षणाचा निकषच तो आहे. तरी, गोळी संपल्यावर घरी येऊन विचारणारे कोणीतरी आहे, म्हणून मी ते तीन ठेवले.

पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी काही व्यावहारिक सूचना. आधार कार्ड आणि मोबाइल सोबत न्यावा, म्हणजे नोंदणी त्याच दिवशी होते. सैल बाहीचे पोलके किंवा सदरा घालावा. निघण्यापूर्वी चहा आणि तंबाखू टाळावी, लघवीला जाऊन यावे. आधी खासगीत सुरू असलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या पिशवीत टाकाव्यात, कारण नाव आठवत नाही आणि ‘पांढरी बारीक गोळी’ म्हणून कोणालाही काही कळत नाही. दोन्ही आकडे कार्डावर लिहून घ्यावेत. प्रत्येक वेळी १२०/८० किंवा १३०/८० असेच गोल आकडे दिसत असतील, तर ते अंदाजाने लिहिलेले असू शकतात, म्हणून पुन्हा मोजायला सांगण्यात संकोच करू नये. एकादशीला आणि चतुर्थीला गोळी चुकवू नये, पाण्यासोबत घेतलेल्या गोळीने उपवास मोडत नाही हे आमच्या गावच्या वारकरी मंडळींनीच एकमेकांना पटवले आहे. ज्ञानेश्वर माउलींची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण, बरड अशी आमच्या जिल्ह्यातूनच पुढे जाते. वारीला निघण्याच्या आठवडाभर आधी उपकेंद्रात जाऊन परतीपर्यंत पुरतील एवढ्या गोळ्या मागून घ्याव्यात. मॅडम त्या देतात, पण मागावे लागते.